भोयरबाबूंच्या मशिनी

परवा वर्ध्याला एका लग्नात पंगतीला बसले होते. शेजारच्या गृहस्थांनी बोलता बोलता हिंगणघाटच्या भोयरबाबूंचा विषय काढला आणि "फार मोठा रसिक माणूस होता" असं म्हणून पानातली भजी मोडली. माझा घास हातातच राहिला. भोयरबाबूंना रसिक म्हणायचं तर दाराच्या कुलपाला घरमालक म्हणायला काही हरकत नाही. लग्नघर होतं म्हणून मी गप्प बसले. पण घरी आल्यावरही राग काही उतरेना, तेव्हा म्हटलं एकदाचं लिहूनच काढावं.

सत्तरनंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी हिंगणघाटच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. वणा नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका लांबट घरात मला दोन खोल्या मिळाल्या. त्याच घराच्या उरलेल्या तीन खोल्यांत भोयरबाबू आणि त्यांची बायको सिंधूबाई राहत. मूलबाळ नव्हतं. मधे एक भिंत होती आणि ती इतकी पातळ होती की त्यांच्याकडे फोडणी पडली की मला शिंक यायची. त्यामुळे मी जे सांगते आहे ते ऐकीव नाही.

भोयरबाबू गिरणीत टाइमकीपर होते. भोंगा झाला की गेटजवळच्या खिडकीत बसायचं आणि उशिरा आलेल्या कामगाराला आत घ्यायचं की परत पाठवायचं ते ठरवायचं, एवढंच त्यांचं काम. पण त्या एवढ्याशा अधिकाराची त्यांना चटक लागली होती. घरीसुद्धा ते खिडकीत बसल्यासारखेच वागत. अंगानं बेताचे, आवाज मात्र गेटवरचा. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात नेहमी एक पिवळं फडकं असायचं. ते मशिनी पुसायला होतं. नाक ते बाहीला पुसत.

या मशिनी म्हणजे जुन्या शिलाई मशिनी. पुढच्या खोलीच्या तीन भिंतींना त्यांनी सागवानी फळ्या ठोकल्या होत्या आणि त्यांवर या हातानं फिरवायच्या मशिनी ओळीनं मांडल्या होत्या. काळ्याभोर, वर सोनेरी वेलबुट्टी. एकीवर सिंह, एकीवर मोर, एकीच्या चाकाला चिनी मातीची पांढरी मूठ. कुणी विलायतेतून आलेली, कुणी जर्मनीची. जिचं मूळ गाव त्यांना कळत नसे तिला ते बेधडक "बेल्जमची" म्हणत. मशिनी सुंदर होत्या हे मी कबूल करते. माझं भांडण मशिनींशी कधीच नव्हतं.

त्या खोलीत जायचे नियम होते. चपला अंगणात, चहाही अंगणातच, कारण वाफेनं सोनेरी रंग उडतो म्हणे. हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मोराच्या मशिनीकडे नुसतं बोट दाखवलं तर ते मधे येऊन उभे राहिले. म्हणाले, "दुरून पाहा, मास्तरीणबाई. नजर लागली तं चालते, हात नाई लागला पायजे." सगळ्या मशिनींच्या सुया त्यांनी काढून एका तपकिरीच्या डबीत ठेवल्या होत्या आणि ती डबी घेऊन ते गिरणीत जात. कुणी विचारलं, एवढ्या मशिनी आहेत तर शिवत का नाही, की त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "चीज वापरली का तिचं सामान होते." हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडायचं की म्हणून झाल्यावर ते थोडा वेळ थांबत, समोरच्यानं मान डोलवावी म्हणून.

एक गोष्ट मात्र खरी होती, ती लपवली तर माझा राग खोटा ठरेल. गिरणीतून आले की हातपाय धुऊन ते एखादी मशीन खाली घेत. सुई नाही, दोरा नाही, कापड नाही. डोळे मिटून हळूहळू नुसतं चाक फिरवत आणि कान देऊन ऐकत. एकदा दारातून मला पाहून म्हणाले, "पाहा, कशी बोलून राह्यली." त्या वेळी त्यांचा चेहरा जत्रेत पहिल्यांदा आलेल्या पोरासारखा झाला होता. तो आनंद ढोंगी नव्हता. ढोंगी असता तर मी हसून सोडून दिलं असतं. लोखंडाच्या आवाजानं विरघळणाऱ्या माणसाला मधल्या दारात उभी असलेली बायको दिसत नव्हती, याचा मला संताप यायचा.

कारण मोराची ती मशीन सिंधूबाईंची होती.

सिंधूबाईंचं माहेर नालवाडीचं. वडिलांचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर असं पिकवायचे आणि आई टोपली डोक्यावर घेऊन वर्ध्याच्या बाजारात जायची. त्या टोपलीवर आईनं ही जुनी मशीन घेतली, तिच्यावर गावच्या बायकांचे झंपर शिवले आणि लेकीला शिकवलं. आई गेल्यावर मशीन लेकीकडे आली. भोयरबाबूंनी ती बैलगाडीतून उतरवून घेतली, मोर पाहिला, पिवळं फडकं काढलं आणि ती पुढच्या खोलीत नेऊन ठेवली. तिथून पुढे हा सगळा खटाटोप सुरू झाला. म्हणजे या रसिकतेचं भांडवल सासूचं.

सिंधूबाई अधूनमधून मशीन मागत. भांडून नाही, भाजीला मीठ मागावं तसं. ते म्हणत, "दिवाळी होऊ दे." दिवाळी झाली की, "उन्हाळा जाऊ दे." घरात भिंतभर मशिनी आणि घरच्या बाईचा झंपर चौकातला शिंपी शिवायचा, तोही काखेत घट्ट. बोलताना बाही खाली ओढायची सवयच त्यांना लागली होती. शेवटी त्या दुपारच्या माझ्याकडे यायला लागल्या. माझी मशीन साधी देशी होती. शाळेतून मी परतायच्या आत त्यांचा एखादा परकर, एखादं पोराचं झबलं शिवून झालेलं असे. मोहल्ल्यातल्या बायका कापड माझ्या घरी आणून टाकत आणि भोयरबाबूंना त्याचा पत्ता नसे. एकदा मी त्यांना म्हटलं, माझी मशीन तुमचीच समजा. त्या म्हणाल्या, "हिची काई तकरार नाई, बाई. पन आईची मशीन माह्या हाताले वळखते."

भोयरबाबू मयतीला कधी चुकत नसत. मयत शिंप्याची असली तर. आमच्या चौकातला गोविंदा शिंपी वारला, तेव्हा तिसऱ्याच दिवशी हे पांढरे कपडे घालून त्याच्या घरी बसायला गेले. मीही शेजारधर्म म्हणून सिंधूबाईंबरोबर गेले होते. भोयरबाबू गोविंदाच्या बायकोसमोर, लक्ष्मीसमोर, खरोखर रडले. रडता रडता त्यांची नजर कोपऱ्यातल्या सिंहाच्या मशिनीवर जाऊन येत होती, आणि तिकडे गेली की हुंदका वाढत होता. मग म्हणाले, "गोविंदाचा हात लागलेली चीज बाजारात जाऊन बेइज्जत नाई झाली पायजे. मी सांभाळतो तिले." घरात नुकतंच मरण झालेली बाई, ती काय बोलणार. यांनी गव्हाचं एक पोतं आणि एक लुगडं पाठवलं आणि मशीन शाल गुंडाळून रिक्षातून घरी आणली, नव्या नवरीसारखी. लक्ष्मीला शिवता येत होतं. गोविंदाच्या निम्म्या कामाला तिचाच हात असायचा. पुढच्या महिन्यात ती जिनिंगमध्ये कापूस निवडायला जाऊ लागली. मी भोयरबाबूंना तसं तोंडावर सांगितलं. ते दुखावल्यासारखे म्हणाले की मी तर तिच्यासोबत रडलो होतो. त्या रात्रीच्या जेवणाला भिंतीपलीकडून सिंधूबाईंचा आवाज आला, "तिच्याबी हातची गेली." भोयरबाबूंनी ताक मागितलं.

गिरडला जायचं निघालं तेही असंच. टेकडीवरच्या दर्ग्याला सिंधूबाईंचं काही बोललेलं होतं. भोयरबाबू सहसा कुठे नेत नसत, पण टेकडीच्या पायथ्याशी एक म्हातारा शिंपी जुन्या मशिनीवर पीराच्या चादरी शिवतो असं कानावर आल्याबरोबर त्यांची भक्ती जागी झाली. मलाही बरोबर चला म्हणाले. एसटीतून उतरल्यावर टेकडी आम्ही दोघीच चढलो. हे खाली शिंप्यापुढे बसले, ते आम्ही उतरून येईपर्यंत बसूनच होते. म्हाताऱ्यानं त्यांना चहा पाजला, मशीन दिली नाही. परतीच्या वाटेवर भोयरबाबू त्याला अडाणी म्हणत होते.

वर टेकडीवर ते गोल गोल गोटे पडलेले असतात. लोक सांगतात की एका व्यापाऱ्याकडे फकिरानं काही मागितलं, तो म्हणाला माझ्या गोण्यांत नुसते दगड आहेत, आणि त्याच्या सगळ्या मालाचे खरेच गोटे झाले. सिंधूबाईंनी त्यातला एक उचलून पदराला बांधला. मी विचारलं कशाला, तर काई नाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तो मला मोराच्या मशिनीशेजारी फळीवर दिसला. भोयरबाबूंना वाटलं, मशिनीला दृष्ट लागू नये म्हणून ठेवलाय. ते खूश झाले.

आता तेलाचं सांगते. समुद्रपूरकडे त्यांचं थोडं वावर होतं आणि त्यात जवस व्हायचा. त्या जवसाचं तेल घाण्यावरून काढून आणायचे आणि दरवर्षी खंडेनवमीला सगळ्या मशिनींना चोपडायचे. वरून, आतून, चाकात, सांध्यात, भोक दिसेल तिथे. दुसऱ्या दिवशी मशिनी अशा चमकायच्या की रस्त्यानं जाणारा थबकावा. बाजारात मशीनचं तेल मिळत होतं. पण त्यांचं म्हणणं, बाटलीतल्या तेलाचा काय भरवसा, हे आपल्या वावरातलं आहे. आमच्याकडे सुतार दाराला रंगाआधी जवसाचं तेल लावतो, कारण ते वाळून कडक होतं. हे शेंबड्या पोराला माहीत आहे. सिंधूबाईंनी एकदा सांगून पाहिलं, "दाराले लावाचं तेल हाये ते. वाळते." ते म्हणाले, तुला काय समजते. नंतर त्या बोलल्या नाहीत.

तरी रोज चाक फिरत होतं तोवर निभावलं असतं. पण भोयरबाबूंच्या डोक्यात एक वर्षी नवंच निघालं. फिरवलं की लोखंड झिजतं. मग त्यांनी फिरवणंच बंद केलं. संध्याकाळचा तो एकमेव आनंद होता, तोही त्यांनी कुलपात घातला. नुसते फळीसमोर खुर्ची टाकून बसत. कंजूष माणूस दुसऱ्याला देत नाही हे आपण पाहतो. यांनी स्वतःलाही दिलं नाही. बरीच वर्षं अशी गेली. मशिनी वाढत गेल्या, तेल चढत गेलं.

ऐंशी साल उलटल्यावर भोयरबाबू सेवानिवृत्त झाले आणि त्यांची खिडकी गेली. कुणी विचारीना. त्याच पावसाळ्यात माझी वर्ध्याला बदली झाली. दिवाळीच्या सुट्टीत मी जाणार हे ठरलं, तेव्हा सिंधूबाई माझ्या मशिनीसमोर बसून होत्या. बाजारातल्या गादीवाल्यानं त्यांना गाद्यांच्या खोळी शिवायचं काम देऊ केलं होतं, बारा महिने पुरेल असं. मी म्हटलं, माझी मशीन ठेवून जाते. त्यांनी मान हलवली. "नाई, बाई. आता उसनी नाई पायजे." आणि बाही खाली ओढली.

त्या वर्षी भोयरबाबूंनी दसऱ्याला मोठा थाट केला. सोनं द्यायला लोक येतातच, त्यात त्यांनी गिरणीतले एक साहेब, मोहल्ल्यातले डॉक्टर आणि आमच्या मुख्याध्यापिकाबाई यांना मुद्दाम बोलावलं. नवमीला तेल लावून झालं होतं. फळ्यांवर झेंडूच्या माळा, मशिनींवर हळदकुंकू. भोयरबाबू पिवळं फडकं घेऊन एकेक मशीन दाखवत होते. विलायत, जर्मनी, बेल्जम. चीज वापरली का, हे वाक्य म्हणून ते थांबले आणि साहेबांनी मान डोलवली.

तेवढ्यात सिंधूबाई आतून आल्या. हातात मांजरपाटाचा तुकडा आणि एक सुई. सुई माझी होती, सकाळी मागून नेलेली. त्यांनी सरळ मोराची मशीन फळीवरून उचलली, पाटावर ठेवली, सुई बसवली आणि कापड आत सरकवलं. त्या म्हणाल्या, "काल नवमी होती, काल पुजल्या. आज दसरा हाये. आज हत्यार चालवा लागते."

भोयरबाबू पाहुण्यांकडे पाहून हसले. बायकांना काही समजत नाही, असं ते म्हणायला लागले होते, पण साहेबांनाच हौस आली. अरे वा, चालवून दाखवा ना, म्हणाले. नाही म्हणायची सोय राहिली नाही. भोयरबाबू खाली बसले, मूठ धरली आणि फिरवली. चाक हललं नाही. त्यांनी जोर केला. नाही. थंडीनं जाम झाली असेल, म्हणाले. बाहेर ऑक्टोबरचं ऊन होतं आणि डॉक्टर रुमालानं मान पुसत होते. मग त्यांनी सिंहाची उतरवली. ती नाही. बेल्जमची. ती नाही. एकेक मशीन खाली येत होती, चमकत होती, आणि एकीचंही चाक फिरत नव्हतं. शेवटी चिनी मातीची ती पांढरी मूठ त्यांच्या हातात तुटून आली. साहेबांनी त्यांच्या दुसऱ्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि मंडळी उठली.

मी थांबले होते. निघवत नव्हतं म्हणून थांबले, मदत करायला नाही. भोयरबाबू जमिनीवर मशिनींच्या मधे बसून होते. सिंधूबाईंनी फळीवरचा गोटा घेतला आणि त्यांच्यापुढे ठेवला. आवाज चढवला नाही. "मी मांगत होती तं तुमी म्हनत होते, हे चालवाची चीज नाई. घ्या. नाईच चालली."

दुसऱ्या दिवसापासून सिंधूबाईंनी अंगणात घमेलं मांडलं, त्यात घासलेट ओतलं आणि मोराची मशीन भिजत घातली. रोज दुपारी फडक्यानं, काडीनं, जुन्या ब्रशनं खरवडायच्या. वाळलेलं तेल गोंदासारखं निघायचं आणि त्याच्यासोबत सोनेरी रंगही निघायचा. भोयरबाबू दारात उभे राहून पाहत. मोराचा पिसारा गेला त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "फुलं जाऊन राह्यली," एवढंच म्हणाले. सासूची मशीन त्यांनी दगड केली, बायकोचं उमेदीचं वय फळीवर ठेवून दिलं, त्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. रडू आलं ते रंगाच्या मोरासाठी. मी खिडकी लावून घेतली. मी हिंगणघाट सोडलं तोवर चाक हललं नव्हतं. निघताना सिंधूबाईंच्या हाताला घासलेटचा वास येत होता. मशीन सुटेल का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "पाहू."

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात शाळेच्या कामानं हिंगणघाटला गेले होते. दुपारी वेळ होता, म्हणून त्या रस्त्यानं वळले. अंगणात घमेल्याशी एक बाई बसली होती. जवळ गेल्यावर ओळखलं, गोविंदाची लक्ष्मी. घमेल्यात सिंहाची मशीन होती. सिंह जवळजवळ पुसला गेला होता आणि लक्ष्मी उरलेला पुसत होती. तिनं मला पाहून पदर सावरला आणि आत पाहा अशी मान केली.

पुढच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. जमीनभर गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं जाड कापड पसरलेलं. मधे सिंधूबाई, त्यांच्यापुढे एक काळी, बोडकी मशीन, फुलं नाहीत की मोर नाही. कापड इतकं जड होतं की ते सांभाळायला त्यांचे दोन्ही हात अडकले होते. त्यामुळे चाक फिरवायला हात उरला नव्हता. ते काम करायला उजव्या अंगाला पाटावर भोयरबाबू बसले होते. शर्टावर कापसाचे तंतू, घाम, आणि हातात मूठ.

"फिरवा," सिंधूबाई म्हणाल्या. त्यांनी फिरवली.

"हळू. थांबा."

ते थांबले. कापड वळलं. पुन्हा फिरवा म्हटलं, पुन्हा फिरवली. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या मशिनीखाली कापड होतं आणि तिचा आवाज वेगळा येत होता, भरलेला. भोयरबाबूंनी मान वर केली तेव्हा मी त्यांना दिसले. चेहरा तोच, जत्रेतल्या पोराचा. हात तसाच मुठीवर ठेवून ते म्हणायला लागले, "पाहा, मास्तरीणबाई, कशी बोलून..."

सिंधूबाईंनी मान वर केली नाही. त्यांच्या अंगात घरीच शिवलेला झंपर होता, काखेत सैल.

"बोलू नका," त्या म्हणाल्या. "फिरवा."

त्यांनी फिरवली.